दगडापाशी ठेवलेलं घड्याळ

८ नोव्हेंबर
अखेर वरोऱ्याबाहेर पडलो! गडचिरोलीच्या जंगलातल्या या पाड्यावर, इथल्या भाषेत टोल्यावर, गुरांच्या दवाखान्याचा नवा डॉक्टर म्हणजे मी, पियुष. आईनं लोणच्याची बरणी दिली आणि वाघाला सुई टोचायला जाऊ नको अशी ताकीद. शेजारच्या रुखमाबाई रोज डबा देणार आहेत. आज भात नि अंबाडीची भाजी होती. त्यांचा मुलगा चंदन मागच्या महिन्यात मोटरसायकलवरून पडून वारला. तरी वाढताना हात आखडत नाहीत.

१० नोव्हेंबर
धानाच्या बांधाजवळ चंदनच्या नावानं दगड उभा केला आहे. पायथ्याशी त्याच्या वस्तू: ताट, कंगवा, टोपी. आणि चावीचं घड्याळ! सफारीच्या गाडीवर असताना कुणा पाहुण्यानं त्याला दिलं होतं, असं रुखमाबाई सांगत होत्या. काय देखणं आहे! पांढऱ्या तबकडीत छोटी खिडकी, तिच्यात निळं आभाळ नि सोनेरी चंद्र. दवानं खराब होईल असं मनाशी म्हणत खिशात घातलं. चावी देताच चालू झालं. चंद्र आजच्या तिथीला लावला. कुणी पाहिलं नाही.

१३ नोव्हेंबर
रुखमाबाईंनी विचारलं, दगडापाशी घड्याळ दिसलं का. वानरानं नेलं असेल, म्हणालो. इतकं सहज खोटं बोलता येतं मला!
"वानराले वेळ पाहून काय करायचं आहे, साहेब?" त्या म्हणाल्या.
मग सांगितलं, की मेलेल्याच्या वस्तू दगडापाशी ठेवल्या म्हणजे तो त्या मागायला घरी येत नाही. चंदन आता रोज दिवेलागणीला दाराशी येतो, घड्याळ मागतो. अमावास्येपर्यंत नुसता मागेल. त्या दिवसापासून जो दार उघडेल त्याला सोबत नेईल.
डबा तसाच झाकून ठेवला. घड्याळ माझ्या उशीखाली होतं.

१६ नोव्हेंबर
परत ठेवायला गेलो. बांधावर धान कापणाऱ्या बायांनी मान वर करून जोहार केला. डॉक्टरसाहेब चोर निघाला, असं झालं असतं. हात खिशातच राहिला. उद्या नक्की.

१८ नोव्हेंबर
आजही गेलो नाही. चावी द्यायची बंद केली, तरी ते चालतंय. खिडकीत चंद्राची कोर उरली आहे. रुखमाबाईंचे डोळे सुजलेत.
"पोरगा थंडीत उभा राह्यते, साहेब. कितीक दिवस दार लावून घेऊ?"
तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, भाजी छान झाली. लाज वाटते स्वतःची.

२० नोव्हेंबर, अमावास्या
खिडकीत चंद्र नाही. बाया घरी जाईपर्यंत थांबलो — दिवेलागणीला घड्याळ ठेवून आलो — धावत — रुखमाबाईंचं दार सताड उघडं. चुलीवर भात. त्या भिंतीला टेकून बसलेल्या. हात लावला तर गार.
तासभर आधी गेलो असतो तर. फक्त तासभर.

२१ नोव्हेंबर
मातीला गेलो होतो. दगडापाशी घड्याळ परत आलेलं सगळ्यांनी पाहिलं. मी खाली मान घालून माती लोटली.

दिवे लागले. दारावर थाप — हळू, रोज डबा आणताना असायची तशी —
रुखमाबाईंचा आवाज.
"साहेब, घड्याळ भेटलं. कोणं नेलतं, पोरगा विचारून राह्यला."
पुन्हा खोटंच ओठावर आलं होतं — नाही. या वेळी नाही. दार उघडतो. तोंडावर सांगतो, रुखमाबाई, मी —