गरम तेलाचा पंप आणि तुमचे बिबडे

नवागाम, सुरत
शनिवार, २० जून १९९८

ती. रुक्मिणीआत्या,

तुमच्या दोन्ही पायांना, आणि नुकत्याच प्लास्टरमधून सुटलेल्या उजव्या हाताला धक्का न लावता, धनश्रीचा नमस्कार. बोटं आता पूर्ण मिटतात का, भाकरी थापता येते की अजून शेजारणीच्या हातची खाऊन तिला नावं ठेवावी लागतात, ते सविस्तर कळवावं. ज्या म्हशीमुळे हात मोडला तिचीही प्रकृती कळवावी. (आई म्हणते, असं विचारू नये. पण म्हशीने मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही.) इकडे आम्ही तिघं बरे आहोत. आई आणि नाना कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत, एवढं सोडून.

हे पत्र घेऊन नाना स्वतः येत आहेत. तीन वर्षांनी सख्खा भाऊ दारात दिसल्यावर तुम्ही कारण विचाराल, आणि ते सांगतील की हात बघायला आलो. तसं सांगू द्यावं. तुम्ही आलेलं प्रत्येक पत्र ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचता, हे मला माहीत आहे. (चौथी शिकलेल्या बाईचं इतकं खणखणीत वाचन मी कॉलेजातही ऐकलं नाही.) म्हणून हे पत्र मोठ्याने वाचण्यासारखंच लिहिलं आहे. जिथे तसं नाही, तिथे सूचना दिली आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडच्या एका लग्नाच्या मांडवात तुम्ही नानांना चारचौघांत विचारलं होतं, 'पोरले शिकाडीसन काय मशीन रिपेर कराडशी?' नाना जेवण अर्धं ठेवून उठले आणि त्यानंतर तुमच्याकडे अमळनेरला आले नाहीत. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला होता. शिक्षणाचा उपयोग काय, हे घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलीबद्दल विचारायचं नाही तर कोणाबद्दल? उत्तराला तीन वर्षं लागली, त्याबद्दल क्षमा असावी. ते पुढे देत आहे.

नाना ज्या साड्यांच्या डाइंग हाउसमध्ये चौदा वर्षं हीटर चालवतात, ते उधन्याच्या पलीकडे खाडीला लागून आहे. तिथे एका भट्टीत तेल तापवतात आणि एक पंप ते तेल पाइपांतून सगळ्या कारखान्याभर फिरवतो. त्या उष्णतेवर ओल्या साड्या सुकतात. म्हणजे तेल फिरलं तर कारखाना फिरला. नाना पाइपावर तळहात धरून तेल कसं चाललं आहे ते सांगतात. (पाइपावर कापड गुंडाळलेलं आहे. नुसत्या पाइपावर हात धरला तर सांगायला नाना उरणार नाहीत.) या महिन्याच्या नऊ तारखेला ते वादळ आलं. ते गेलं वर कच्छकडे, पण जाताना समुद्र ढकलून गेला. भरतीच्या वेळी खाडी उलटी वाहायला लागली आणि हीटरच्या खोलीत कमरेइतकं पाणी भरलं. पंप लोखंडाचा, त्याला फारसं काही झालं नाही. पण त्याच्या शेजारी भिंतीवर एक पेटी आहे. तिच्यात दोन हिरवी कार्डं असतात, एक मोठं आणि एक तळहाताएवढं. मोठं कार्ड पंप चालू-बंद करतं. लहान कार्ड तेल खरंच फिरतंय का ते बघतं, आणि फिरत नसेल तर भट्टीची आग बंद करतं. पाणी ओसरलं तेव्हा पेटीतून एक खेकडा निघाला.

शेठने कंपनीला फोन केला. कंपनीचा माणूस महिन्याने येणार. तेव्हा शेठने ठरवलं की मंगळवारपर्यंत, म्हणजे या येत्या तेवीस तारखेपर्यंत, हीटर चालू झाला तर ठीक. नाहीतर नवा, आपोआप चालणारा हीटर आणायचा. त्याला चालवणारा माणूस लागत नाही. शेठ हे सगळं नानांच्या समोरच बोलला. मनात काही नव्हतं, समोर भिंत असती तरी तो बोलला असता. नानांनी घरी येऊन आईला सांगितलं, आई रडली नाही, तिने माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी बी.एस्सी.च्या निकालाची वाट बघत बसले होते. विषय पदार्थविज्ञान. तेव्हा मी म्हटलं, मी बघते.

खरं सांगायचं तर मी कॉलेजात तारा जोडायचा कथिलाचा डाग तीनदाच दिला होता, त्यातल्या एकदा ओढणीला. पुस्तकात तारा नेहमी सरळ असतात आणि काटकोनात वळतात. पेटीत तसं काही नव्हतं. दोन्ही कार्डांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. कारखान्याचा वायरमन बन्सीलाल म्हणाला, पावसाचं पाणी आहे, सुकलं की आपोआप ठीक होईल. मी म्हटलं, मीठ आहे. त्याने माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे बघितलं. मग नाना पुढे झाले, कार्डावर बोट फिरवून जिभेला लावलं आणि म्हणाले, 'खारं शे.' (बाकी मी एक तास व्याख्यान देणार होते, ते राहिलं.)

मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून आधी मीठ धुवायचं, मग सुकवायचं. दोन्ही कार्डं मी बॅटरीत घालायच्या पाण्याने जुन्या दातांच्या ब्रशने धुतली, मग स्पिरिट लावलं. राहिलं ऊन. तुमच्या हाताचं कळल्यावर आईने तुमच्या वाट्याचे ज्वारीचे बिबडे इथेच करायला घेतले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. वादळात तेही ओलसर झाले होते. त्यामुळे बुधवारी आमच्या पत्र्यावर एका जुन्या लुगड्यावर एका बाजूला तुमचे बिबडे आणि दुसऱ्या बाजूला दोन हिरवी कार्डं असं वाळवण पडलं. खालून जाणाऱ्या बायका विचारायच्या, ते हिरवे कशाचे? आई सांगायची, नानांच्या कंपनीचे.

आता थोडं विषयांतर. माझं पहिल्यापासून मत आहे की विज्ञान ज्याला सांगायचं त्याच्या कामाच्या भाषेत सांगावं. आपल्या बायकांना वाळवणाचं जे समजतं ते आमच्या सरांनाही समजत नसेल. मी आईला मीठ आणि ओलाव्याचं सांगू लागले तर ती म्हणाली, त्यात काय, मीठ जास्त झालं की बिबडाही घाम धरतो. मला इतका आनंद झाला की मी वहीत लिहून ठेवलं. नवागामच्या बायकांसाठी असा एक वर्ग काढायचाही विचार आहे. (शेजारच्या चंचलवहिनी म्हणाल्या, शिवणकामाचा काढ. बघू.)

गुरुवारी मोठं कार्ड सुकलं, लहान अजून पत्र्यावरच होतं. त्यावरचं एक कॅपॅसिटर फुगलं होतं आणि रिले आतून गंजला होता. दोन्ही उधन्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळाले. त्याने मला डाग कसा द्यायचा तेही दाखवलं, आणि तीन वर्षांत मला जे आलं नव्हतं ते वीस मिनिटांत आलं. दुपारी आम्ही भट्टी न पेटवता नुसता पंप चालू केला. बन्सीलाल दाराबाहेर उभा राहिला. पंप खोकल्यासारखा दोनदा अडखळला आणि फिरला. नानांनी पाइपावर हात धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ ना हात काढला ना डोळे उघडले. मग म्हणाले, थंडं शे, पण चालू शे. शेठने खमण मागवलं.

म्हणजे आत्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. मशीन रिपेर झालं. फक्त लहान कार्ड बसवायचं राहिलं आहे, आणि ते तूर्त बाहेरगावी आहे.

काल शुक्रवारी ही गोष्ट कळली तेव्हा बन्सीलाल म्हणाला, 'बेन, डायरेक्ट करी नाखो ने, चालशे.' म्हणजे लहान कार्डाच्या जागी एक तार जोडायची, पंप चालो न चालो, आग जळत राहील. शेठलाही पटलं, कारण साड्या ओल्या पडल्या आहेत. मी सांगितलं की पंप मध्येच थांबला तर तेल जागच्या जागी उकळेल, आणि त्या खोलीत माणूस असतो. शेठ म्हणाला, चार दिवसांचा प्रश्न आहे. तिथे नाना उठले. चौदा वर्षांत शेठपुढे त्यांनी एक अख्खं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, 'डायरेक्ट नही. पोर म्हनस नही, ते नही. माचिस मी लावाव नही.' आणि खिशातली माचिस काढून शेठच्या टेबलावर ठेवली. शेठ त्या माचिसकडे बघत म्हणाला, मंगळवार म्हणजे मंगळवार. म्हणून नाना उद्या सकाळच्या गाडीने तुमचा हात बघायला येत आहेत आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघतील. त्यांना थांबवू नये.

बाकी क्षेम. गल्लीतल्या सगळ्यांना यथायोग्य.

तुमची भाची,
धनश्री

ता. क. (हे मनात वाचावं. नाना समोर असतील तर मध्येच खोकावं.) गुरुवारी संध्याकाळी इथून अमळनेरला निघालेल्या चिंधाभाऊंनी तुम्हाला बिबड्यांचा डबा पोचवला असेल. तो अजून उघडला नसेल तर बरं, उघडला असेल तर फक्त वरचेच बिबडे काढलेले असोत. तुटके बिबडे आई नेहमी तळाशी घालते, म्हणजे डबा उघडल्यावर लाज जात नाही. तिथे तुटक्यांत, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये, तळहाताएवढा एक हिरवा चौकोनी बिबडा असेल. तो बिबडा नाही. तळू नये, धुऊ नये, म्हशीजवळ नेऊ नये. त्याला लसणाचा वास लागला असेल, त्याने काही बिघडत नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून नानांच्या हातात द्यावा, आणि जणू तुम्हीच काहीतरी भेट देत आहात असं दाखवावं. नाना स्वतःहून मागणार नाहीत. बहिणीच्या दारात तीन वर्षांनी येऊन डबा परत मागायचा, हे त्यांच्याच्याने होणार नाही, ते हात बघून परत निघतील आणि मंगळवारी घरी बसतील. तुमच्या प्रश्नाला मी वर 'हो' लिहिलं आहे, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या डब्यात आहे.

ता. क. दुसरा. (हाही मनात.) जर आधीच तळला गेला असेल, तर कृपा करून तेही खरं सांगावं. त्या परिस्थितीत नानांना दोन दिवस ठेवून घ्यावं. मंगळवार इथे बघण्यापेक्षा तिथे बरा.

ता. क. तिसरा. हा मात्र मोठ्याने वाचावा, तुमच्या नेहमीच्या आवाजात. नाना, कार्ड डब्यात आईच्या चुकीने गेलं असं तुम्हाला वाटतं, म्हणून तुम्ही कालपासून तिच्याशी बोललेला नाहीत. ती काही बोलली नाही, मीही नाही. चूक तिची नव्हती. बुधवारी कार्डं पत्र्यावर ठेवताना मी तिला सांगितलं होतं की यांना अगदी बिबड्यांसारखं सांभाळ, दुपारी उलटव, आणि सुकले की ओल धरायच्या आत डब्यात भर. मोठं कार्ड मी गुरुवारी नेलं म्हणून वाचलं. लहान कार्डाला तिने मी सांगितलं तेच केलं. तुमच्या पोरीने सांगितलं म्हणून तुम्ही शेठच्या टेबलावर माचिस ठेवलीत, आणि पोरीने सांगितलं म्हणून तिने कार्ड डब्यात ठेवलं. दोघांनीही एकच केलं. घरी आल्यावर आधी तिच्याशी बोला, कार्ड मग मला द्या.

एवढं वाचून झालं की आत्या, थोडा वेळ म्हशीकडे बघावं. नानांकडे नको.