पिवळ्या भाताचा शेंडा

लासेम,
मंगळवार

प्रिय तार्वी,

परवा मी तुझ्याकडे आले, दीड तास बसले, चार तळलेली केळी खाल्ली, तुझ्या लंगड्या कोंबडीची चौकशी केली आणि उठून आले. फाटकाशी तू विचारलंस, "पालू, काही सांगायचं होतं का?" मी म्हणाले, "छे ग, सहज आले होते." भर दुपारच्या उन्हात सायकल मारत कोणी सहज येतं का? तुलाही ते कळलं असणार. पण तू हसलीस आणि म्हणालीस, "येत जा." तुझं-माझं अर्धं आयुष्य अशा 'छे ग' आणि 'येत जा'मध्येच गेलं. म्हणून आता लिहायला बसले आहे. कागदासमोर लाज कमी वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाहीये.

कारखान्यात सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. जुमेनोकाका रंगाच्या टाकीपाशीच दिसतात, हात कोपरापर्यंत लाल, आणि सुट्टीत सिगरेटवर कॉफीचा गाळ लावून बारीक नक्षी काढत बसतात. परवा म्हणाले, "तार्वी असती तर हिच्यापेक्षा सुबक काढली असती, आणि ओढू पण दिली नसती." पुढच्या खोलीतल्या मुली हसल्या. मी हसले नाही. तू गेल्यापासून तुझं नाव निघालं की मला काहीतरी शोधायचं असतं, मी कपाटात डोकं घालते.

तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. आई गेली आणि बाटिकचा कारखाना माझ्या गळ्यात पडला, तेव्हा मला धड मेणसुद्धा वितळवता येत नव्हतं. तूच माझ्या हातात चांटिंग दिलीस आणि तिच्या तांब्याच्या तोटीतून मेणाची रेघ कशी सोडायची ते शिकवलंस. म्हणायचीस, "पालू, हात हलवू नकोस, श्वास हलव." चारचौघांत तू मला 'बू' म्हणायचीस, मालकिणीला म्हणतात तसं, आणि विहिरीवर गेलो की पुन्हा पालू. बावीस वर्षांत तू एकदाही ते उलटं केलं नाहीस. जागेचं भान चुकायचं ते माझं.

दोन वर्षांपूर्वी मी पुढची खोली पाहुण्यांसाठी सजवली. जकार्ताहून बायका येतात, फोटो काढतात, मग कापड घेतात. तुझी खिडकीपाशी जागा होती ती मी काढली आणि तुझी मेणाची शेगडी मागच्या पडवीत, टाकीकडे जाणाऱ्या दाराशी नेऊन ठेवली. तुला सांगितलं, "मागे शांतता आहे, तुझं बारीक काम नीट होईल." खरं कारण हे की पुढच्या तिघी पोरी तरुण आहेत आणि फोटोत छान दिसतात. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. तू जागेवर बसून पाहिलंस, शेगडी थोडी सरकवलीस आणि म्हणालीस, "इथे समुद्राचा वारा छान येतो की. दुपारी तर शेगडी विझते का काय वाटतं." मी म्हणाले, "नशीबवान आहेस, आम्ही पुढे घामाने भिजतोय." तू म्हणालीस, "हो ना." हे एवढंसं बोलणं लक्षात ठेव. मला त्याच्याकडे परत यायचं आहे आणि मला ते टाळायचंही आहे.

पुढच्या काही महिन्यांत तुझं कापड बिघडायला लागलं. हे तुला मी पहिल्यांदाच सांगते आहे, आणि हीच माझी लाज आहे. सेमारांगच्या एका गिऱ्हाइकाचं लाल कापड टाकीतून बाहेर आलं तर पाखराच्या पंखाच्या रेघा जागोजागी फुटलेल्या, पांढऱ्यात लाल घुसलेला. जुमेनोकाकांनी ते उन्हासमोर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तिला कळू देऊ नका." मग दुसरं, मग तिसरं. तू तिसऱ्या प्रहरी घरी गेलीस की पुढच्या मुली तुझं कापड उलटं करून मागच्या बाजूने तुझ्या रेघा पुन्हा भरायच्या. मी सांगितलं होतं तसं. मला सोडून पाच माणसांच्या कारखान्यात चौघांना माहीत होतं आणि एकीला नव्हतं. सकाळी तू यायचीस, तेच कापड हातात घ्यायचीस आणि म्हणायचीस, "काल मी हे एवढं केलं होतं?" मी म्हणायचे, "मग? तुझा हात आहे तो." मला वाटायचं मी तुझा मान राखते आहे.

माझा भाऊ सत्रियो सेमारांगच्या गिरणीत माणसं सांभाळतो, तुला माहीत आहे. त्याच्यापाशी रडले तर त्याने मलाच झापलं. "ताई, तिला समोर बसव. फुटलेली रेघ दाखव. का होतंय ते विचार. मुदत दे, आणि लेखी दे. आमच्याकडे तीन वेळा पत्र देतो, तेव्हा कुठे काढण्याची गोष्ट. तू काय चालवलंयस हे चोरून?" मी चिडून म्हणाले, "तार्वी काय तुझ्या गिरणीतली कामगार आहे? तिला ताकीदपत्र देऊ? उद्या विहिरीवर कुठल्या तोंडाने जाऊ?" तरी त्याने ताकीदपत्राचा छापील अर्ज पाठवला. मी तुझं नाव लिहिलं, 'रेघा फुटतात' एवढं लिहिलं आणि तो आईच्या सुयांच्या डब्याखाली ठेवून दिला. सव्वा वर्ष तो तिथेच होता.

त्याऐवजी मी काय केलं? तुझे लाड केले. लहानपणी आपल्या आया नाही का म्हणायच्या, "खेळा, खेळा, अजून खेळा, अंधारात पण खेळा," आणि पहिल्याच 'खेळा'ला आपण दोघी पाय धुऊन घरात. आई लुलू करतेय, म्हणजे उलटं बोलून थांबवतेय, हे आपल्याला लगेच कळायचं. मला वाटलं तुलाही कळेल. "तार्वी, उद्या उशिरा आलीस तरी चालेल." "तार्वी, बारीक ठिपके राहू देत, कशाला डोळे शिणवतेस?" "नात लहान आहे, जा ना घरी, इथे काय अडलंय?" प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ती थबकेल, विचारेल, 'पालू, माझं काही चुकतंय का?' तू म्हणायचीस, "किती ग माया करतेस." आणि खरंच लवकर घरी जायचीस. मग मला तुझाच राग यायचा, की हिला साधं कळत कसं नाही. तुझा माझ्यावर विश्वास होता म्हणून कळत नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मग तो भात. कारखान्याचा वर्धापनदिन म्हणून मी तुंपेंग घातला, पिवळ्या भाताचा हा एवढा सुळका, भोवती कोंबडी, अंडी, शेंगदाणे. तूच पहाटेपासून नारळ किसलास. जुमेनोकाकांनी दुआ म्हटली. शेंडा कापून सगळ्यात मानाच्या माणसाला द्यायचा असतो, तो मी तुला दिला. ताट तुझ्या हातात होतं तेवढ्यात मी बोलले, "बावीस वर्षं हिने या कारखान्यासाठी डोळे आटवले. आता हिने आराम करावा अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे." मुलींनी टाळ्या वाजवल्या, कारण मी त्यांना सांगून ठेवलं होतं. तू ताटाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. पुढ्यातल्या भाताचा एक घास खाल्लास. "हो, बू," म्हणालीस. तो विहिरीवरचा आवाज नव्हता, पण कारखान्यातलाही नव्हता. उरलेला भात केळीच्या पानात बांधलास, सगळ्यांना नमस्कार केलास आणि फाटकातून गेलीस. तुला काढून टाकताना मी तुला सत्काराला बसवलं, आणि तो सत्कार असल्यामुळे तुला रडताही आलं नाही. त्या दिवशी मी स्वतःशी म्हणाले, किती सुंदर निभावलं.

तुझ्या जागेवर मी एर्नाला घेतलं. सुराबायाची पोर आहे, तिच्या गावची माणसं कशी बोलतात ते तुला माहीत आहे, तोंडाला गाळणी नाही. हात मात्र तुझ्यासारखा. पहिलं कापड टाकीतून आलं. पंखांच्या रेघा फुटलेल्या. अगदी तशाच. ती टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बू, हे माझ्यामुळे नाही. त्या दाराशी दुपारी वारा एवढा येतो की तोटीतलं मेण कापडावर पडेपर्यंत गार होतं. वरवर बसतं, आत मुरत नाही. मला जागा बदलून द्या, नाहीतर दुसरी बघा." कामाला येऊन तिला तीन दिवस झाले होते. मग आजूबाजूला बघत म्हणाली, "आधी इथे बसायचं ते माणूस कधी बोललं नाही?"

जुमेनोकाकांनी हात पुसले आणि हळूच म्हणाले, "बोलली होती. पहिल्याच दिवशी. मी इथेच होतो."

तार्वी, मी जन्माने इथली. कोणी 'तुमचा रेडिओ किती छान ऐकू येतो' म्हटलं की आवाज कमी करायचा, हे मला पाळण्यात शिकवलेलं आहे. तुझं 'शेगडी विझते का काय वाटतं' मला कळायला हवं होतं. याहून मोठ्याने तू कधी कोणाशी बोललेली मला आठवत नाही. मी माझे टोमणे तू ओळखावेस म्हणून सव्वा वर्ष वाट पाहत बसले, आणि तुझा एक साधा शब्द मला ऐकू आला नाही. तुझी शेगडी मी त्याच दुपारी खिडकीपाशी नेली. पुढचं कापड स्वतः तिथे बसून पाहिलं. एकही रेघ फुटली नाही.

हे सगळं सांगायला परवा आले होते. तोंड उघडणार एवढ्यात तुझी नात अंगणात आली. तिच्या हातात तुझी चांटिंग होती, आईने तुला दिलेली, आणि ती तिच्या तोटीने मिरचीच्या रोपांना पाणी घालत होती. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू म्हणालीस, "खेळू दे ग. आता तिचा काय उपयोग? माझा हात गेला. तू बोलली नाहीस, पण मला समजलं. शेवटी शेवटी मुली माझ्या कापडाला हात लावतात तेही मला समजत होतं. भाताच्या दिवशी वाटलं, चला, हिने निदान मानाने काढलं." आणि माझ्या पुढ्यात केळ्यांची ताटली सरकवलीस. मी केळं खाल्लं. दुसरं काही मला जमलं नाही.

म्हणून हे पत्र. तुझा हात गेलेला नाही. तो वारा होता, आणि त्या वाऱ्यात तुला मी बसवलं होतं. शनिवारी मी सगळ्यांना त्याच अंगणात, त्याच चटईवर बसवलं आणि हे असंच सांगितलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. खिडकीपाशी दोन शेगड्या मावतात, एर्नाला तुझ्याकडून ठिपके शिकायचे आहेत, आणि आलीस तर मी भात शिजवणार नाही, एवढं नक्की. यायचं नसेल तर सरळ 'नाही' म्हण. 'बघते' म्हणू नकोस, मी तुला चांगली ओळखते असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. सोबत तो डब्याखालचा अर्ज पाठवते आहे. खाली 'कामगाराचे म्हणणे' म्हणून चार ओळी कोऱ्या आहेत, त्या भरून घ्यायचा नियम आहे. हा कागद मी तेव्हाच तुझ्या हातात दिला असता तर तू तिथे 'वारा' एवढंच लिहिलं असतंस आणि आपण दोघींनी शेगडी उचलली असती. वरचं तुझं नाव मी खोडलं आहे आणि तिथे माझं लिहिलं आहे. त्या चार ओळी अजून तुझ्याच आहेत. पुरल्या नाहीत तर मागच्या बाजूने लिही.

तुझी, कारखान्यातली बू नव्हे, विहिरीवरची,
पालू