चंद्री म्हशीला तू दिलेला आवाज

प्रिय माय,

गेल्या महिन्यात मी तुझ्या वतीने एका कामाला नकार कळवला. तुला न विचारता. विचारणार तरी कशी? तू जाऊन आता वर्ष होत आलं. पण नकार पाठवल्यापासून दुसऱ्या कशात लक्ष लागेना. तुला सगळं नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

काम कोणतं, ते आधी सांगते. केळीच्या मळ्यातल्या जनावरांचं आपलं ते कार्टून आहे ना, त्याचे नवे भाग निघतायत. त्यात चंद्री म्हैस आहेच. आणि चंद्रीचा आवाज तुझाच हवा, असं चॅनलवाल्यांचं म्हणणं. तू नाहीस हे त्यांना माहीत आहे गं! पण आता म्हणे माणूस नसला तरी अडत नाही. तुझं जुनं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवलं की तो तुझ्याच आवाजात हवं ते बोलून दाखवतो. घरच्यांची परवानगी तेवढी लागते.

त्यांचा मेल वाचला आणि मला आपल्या चोपड्याच्या घराची पुढची खोली दिसायला लागली.

आबांनी केबल सुरू करण्याआधी आम्हा पोरांचं कार्टून म्हणजे रविवार सकाळ. नेमकी तेव्हा लाइट गेली की आठवडाभर तोंड पाडून बसायचं. मग आबांनी गच्चीवर ती भलीमोठी डिश बसवली, पुढच्या खोलीत यंत्रं मांडली, खांबाखांबावरून वायर ओढली. आणि एक दिवस असं चॅनल लागलं, ज्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कार्टूनच! आबाही चक्रावले. "बातम्या नाही, गाणी नाही, दिवसभर हेच? कोण बघणार?"

गल्ली बघणार होती! पण बोलणं सगळं इंग्रजी. आम्ही नुसती पडापडी बघून हसायचो.

तू तिथेच भिंतीला टेकून ज्वारी निवडत बसलेली असायचीस. एकदा पडद्यावर एक कोल्हा बदकाच्या दाराशी उभा राहून काहीतरी गोड गोड बोलत होता. शेजारच्या पोराने विचारलं, "काकू, हा काय म्हणतो?"

तू सुपातून मानही वर केली नाहीस. म्हणालीस, "म्हनस, बदकबाई, मना घरमा बठ्ठा सयपाक तयार शे, फक्त तूच पातेलामा उतरानी बाकी शे!"

खोली हसून लोळली. त्या दिवसापासून तुझी सुटका नव्हती. बदक तुझ्या माहेरच्या, धुळ्याकडच्या वळणाने बोलायचं. कोल्हा बाजारातल्या दुकानदारासारखा मधेच हिंदी झाडायचा. अस्वल तर हुबेहूब माझ्या थोरल्या काकांसारखं घसा खाकरायचं, आणि काका आले की आम्ही तोंड दाबून आत पळायचो. घरोघरी केबल आबांनीच दिलेली, तरी पोरं आपल्याकडे येऊन बसायची. त्यांच्या घरचा कोल्हा इंग्रजी बोलायचा ना!

किती दिवस चाललं गं ते? एखाददोन वर्षं असेल. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते चॅनल एकदम हिंदी बोलायला लागलं. तू नेहमीसारखं कोल्ह्याचं वाक्य सुरू केलंस आणि पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, थांबा ना, ऐकू येत नाही."

ती काही उर्मट नव्हती. तिला खरंच ऐकू येत नव्हतं. तू हसलीस. "बरं बाई," म्हणालीस, सूप उचललंस आणि आत गेलीस. त्यानंतर ज्वारी स्वयंपाकघरात निवडू लागलीस.

माय, इतक्या सहज का उठलीस गं? एकदा तरी भांडायचं होतंस! हा कोल्हा माझा आहे, असं म्हणायचं होतंस.

पुढे सगळं भराभर बदललं. एका चॅनलची चार झाली. मग आपल्याकडे काढलेली कार्टून आली. आधी देवादिकांची, मग धोतर नेसलेल्या गावच्या पोरांची. त्या गावात विहीर होती, आंब्याचं झाड होतं, लाडू होते, पण ते गाव कोणत्या जिल्ह्यात, हे कधी कळायचं नाही. आणि सगळी जनता हिंदी बोलायची. चोपड्यातली पोरंसुद्धा भांडताना हिंदीत भांडू लागली. तुला त्याची भारी गंमत वाटायची. "भांडण तरी घरनी भाषामा करा रे," म्हणायचीस.

मी त्याच धंद्यात गेले. पुण्यात परदेशी कार्टूनचे मराठी संवाद लिहू लागले. हिंदीनंतर उशिरा का होईना, मराठीचाही नंबर लागला होता. पडद्यावरचे ओठ जेवढे हलतील तेवढ्यातच वाक्य बसवायचं, असं ते काम. मी संध्याकाळी फोन केला की तुझा पहिला प्रश्न असायचा, "आज कोण बोललं?" मी सांगायचे, आज एक हत्ती बोलला, आज एक ट्रक बोलला. ट्रक बोलला म्हटल्यावर तू इतकी हसलीस की आबांनी फोन हातात घेऊन विचारलं, काय झालं म्हणून!

मग घरून काम करायची सोय झाली आणि आम्ही जळगावला, मेहरूणला राहायला आलो. तोपर्यंत कार्टून टीव्हीतून निघून मोबाईलमध्ये शिरलं होतं. माझी ईरा जेवताना मोबाईल, गप्प बसवायला मोबाईल. आबांची केबल केव्हाच बंद पडलेली. तू चोपड्याहून आलीस की ईराशी आपल्या घरच्या बोलीत बोलायचीस आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. "आजी, क्या बोल रही हो?" तू माझ्याकडे बघायचीस. ते बघणं मला आवडायचं नाही, माय. काही बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आणि मग ती मालिका आली. पहिल्यांदाच मराठीत लिहून, मराठीतच काढलेली. केळीचा मळा, मागे सातपुडा, आणि मळ्यातली जनावरं. संवाद माझे. चंद्री म्हातारी म्हैस, सगळ्यांना दटावणारी. तिच्यासाठी बरेच आवाज ऐकले. चांगल्या नट्या होत्या गं त्या, पण गावाकडचं बोलायचं म्हटलं की सगळ्या सारख्याच बोलायच्या.

तू स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होतीस. तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "त्या म्हैसले आवाज भेटना का?"

"नाही अजून."

"मग मी बोली पाहू का?"

माय, मी तुला विचारलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं! तूच विचारलंस.

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस मात्र फसला. जळगावातली ती छोटी खोली, कानावर हेडफोन, आणि पुण्याहून ऑनलाइन बघणारी आपली दिग्दर्शिका मृणाल. तू माईकसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चित्र कोठे शे?"

मृणालने समजावलं, "काकू, इथे आवाज आधी. तुमचं बोलणं ऐकून मग चित्र हलवायचं."

तुला पटेना. समोर म्हैस नाही तर बोलायचं कुणाशी? कागदावरची वाक्यं तू शाळेतला धडा वाचावा तशी वाचलीस. तुझ्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता तू सूप उचलून आत जाणार.

पण तू म्हणालीस, "ईराले आन आठे." दुसऱ्या दिवशी ईरा तुझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तू चंद्री होऊन तिला झापायला सुरुवात केलीस. माझं एक वाक्य तू जसंच्या तसं म्हटलं असशील तर शपथ! मृणाल म्हणाली, "काकू, स्क्रिप्टमध्ये असं नाहीये." तू हेडफोन सरकवून विचारलंस, "म्हैसले लिखेल वाचता येस का?"

मृणाल हसत सुटली. चॅनलवाले हसले नाहीत. मुलांना हे कळणार नाही, म्हणाले. मृणाल भांडली, मी भांडले, आणि शेवटी तुझं निम्मं बोलणं राहिलं, निम्मं त्यांनी साफसूफ करायला लावलं. ते तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "निम्मं तं निम्मं." पण पहिला भाग लागला त्या दिवशी आबांनी अख्खी गल्ली घरी बोलावली होती, आणि चंद्रीने मान झटकली तेव्हा तू ओरडलीस, "हाई तं मी शे!" चित्र काढणाऱ्या पोरांनी तुझा रेकॉर्डिंगचा व्हिडिओ बघून तुझी मान म्हशीला दिली होती.

आणि त्याच हिवाळ्यात, एका सकाळी चहा ठेवता ठेवता, तू ओट्यापाशी खाली बसलीस ती उठलीच नाहीस. इतकी कसली घाई होती गं?

म्हणून आता हा परवानगीचा प्रश्न. मला वाटलं होतं, आबा ऐकताक्षणी नाही म्हणतील. मी चोपड्याला जाऊन सगळं सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "होऊ दे ना बेटा. तिचा आवाज तरी येत राहील." त्या माणसाला मी काय सांगणार होते?

मृणालने नमुना पाठवला. कॉम्प्युटरने तुझ्या आवाजात म्हटलेलं एक वाक्य. "बाळा, आधी जेवून घे." आबा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "आवाज तिचाच. पण ती असं कुठे म्हणायची?" मी मृणालला कळवलं. तिने तासाभरात दुसरा नमुना पाठवला. "आधी खाई ले व माय, मंग बोल."

काय सांगू तुला! शेवटचा शब्द थोडा ओढायची तुझी लकबसुद्धा होती. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आबांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मीही रडले. मनात म्हटलं, झालं, आता होकार द्यायचा.

मग आबांनी विचारलं, "आता हिला काहीही बोलायला लावता येईल ना?"

"हो. लिहून दिलं की बोलेल."

"तिला न पटलेलं पण?"

"हो, आबा."

ते म्हणाले, "एवढा संसार झाला, पण तिच्या मनात नसलेला एक शब्द मला तिच्या तोंडून काढता आला नाही. नातेवाइकांसमोर माझी लाज गेली, पण ही बोलायची तेच बोलायची. आणि आता ती गेल्यावर कुणीही बोलायला लावणार? नाही म्हणून टाक."

मी मान हलवली. तर लगेच म्हणाले, "थांब. एकदा लाव परत." मी लावलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "पुसून टाक."

मी पुसलं, माय. त्यांच्यासमोरच.

चुकलो का गं आम्ही? मला आजही खात्री नाही. मृणालने मात्र समजून घेतलं. चॅनलला पटायला वेळ लागला, पण चंद्रीसाठी आता धुळ्याच्या एक बाई ठरल्यात, प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी फोनवर विचारलं, "ताई, तुमच्या आई कशा बोलायच्या? मी तसं बोलून बघते." मी त्यांना म्हटलं, तुमच्या घरी तुम्ही कशा बोलता तशाच बोला. त्या म्हणाल्या, "घरमा तं मी भलती वरडस!" आपलं काम होणार बघ.

आता आबांचं. मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि उगीचच विचारत राहिले, रस्त्यात कुठे थांबशील, घरी भाजी आहे का, ईराची शाळा कितीला सुटते. त्यांना मला सोडवत नव्हतं. त्या घरात संध्याकाळी कुणी कुणाला हाकसुद्धा मारत नाही, माय. नाही म्हणणं त्यांना किती जड गेलं, ते मला त्या फाटकापाशी कळलं.

म्हणून तुला शब्द देते. दर शनिवारी मी ईराला घेऊन चोपड्याला जाईन आणि सोमवारी पहाटे निघेन. शेवभाजी तिखट झाली म्हणून आम्ही तिघं भांडू, ईरा जिन्यावर धाडधाड करेल, आबा तिच्यावर ओरडतील, मी दोघांवर. तुझ्या घरात जित्या माणसांचा गलका राहील. ते माझ्याकडे लागलं.

तुनी आंडेर,
वर्षा