व्हिनेगरची आई

६ जुलै, सोमवार

पोचले एकदाची. आर्तिगासहून बस निघाल्यापासून शेजारच्या सीटवरच्या काकू मला संत्री सोलून खायला घालत होत्या, आणि साल्तोला उतरून बघते तर आमचं शूटिंगचं घरही शहराबाहेर संत्र्यांच्याच बागेत. घर दामियानच्या मामाचं. मामा हिवाळ्यात मोंतेविदेओला मुलीकडे जातो, म्हणून सुट्टीभर ते आमचं. दामियान आमच्या वेबसिरीजचा दिग्दर्शक. फाकुंदोकडे रंगभूषा आणि स्वयंपाक, दोन्ही तो एकाच उत्साहाने करतो. खिमेना नायिका. कॅमेरा ज्याचे हात रिकामे असतील त्याच्याकडे. मी यानिना, ध्वनी. कॉलेज सगळ्यांचं एकच, पण हे तिघे तिसऱ्या वर्षाचे आणि मी पहिल्या, त्यामुळे त्यांनी बोलावलं यावरच माझा अजून विश्वास बसत नाही.

खिमेनाने आल्या आल्या मिठी मारली, स्वतःचे लोकरीचे मोजे दिले आणि खिडकीजवळची खाटही सोडली. एवढे लाड माझे घरीसुद्धा होत नाहीत.

संध्याकाळी अंगणात येर्बाची, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाची, फेरी झाली. फाकुंदो भरून देणारा. एकच तुंबा, एकच नळी, आणि ती सगळ्यांच्या तोंडातून फिरणार. मला लहानपणापासून दुसऱ्याच्या थुंकीची किळस आहे, पण ही गोष्ट आमच्या देशात बोलायची सोय नाही. नळी पुसली तर आधी प्यायलेल्याचा अपमान. तुंबा परत देताना ग्रासियास म्हणून आभार मानले, तर ‘पुरे, मला आता नको’ असा अर्थ होतो आणि भरणारा पुन्हा तुमच्याकडे वळत नाही. माझ्या आधीचा ध्वनिवाला म्हणे पहिल्याच तुंब्याला ग्रासियास म्हणून उठला आणि आठवड्याच्या आत घरी गेला. त्याला हे अजून ‘राजपुत्र’ म्हणून हसतात. मी मुकाट्याने पीत राहिले. नव्या नवरीने पहिल्याच पंगतीत नाक मुरडू नये.

८ जुलै, बुधवार

आमच्या मालिकेत नदीकाठच्या एका मुलीच्या गालावर पाण्यातली कातडी वाढत जाते. आतापर्यंत ती कातडी रबराची होती. गेल्या भागात ती चुकून उजव्या गालावरून डाव्या गालावर गेली, आणि प्रेक्षकांनी दामियानची सालटी काढली. एकाने लिहिलं की भुताला झोपेत कूस बदलायची सवय दिसते. दामियानला ते इतकं लागलं की त्याने ते वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. आता त्याचा एकच जप : मागच्या दृश्यात जे होतं ते पुढच्या दृश्यात जसंच्या तसं दिसलं पाहिजे.

त्यात आज रबर संपलं. फाकुंदो वाईन शोधायला तळघरात गेला आणि एक वाडगा घेऊन वर आला. मामाच्या एका जुन्या मोठ्या बरणीत वाईनचं व्हिनेगर झालं होतं आणि त्यावर बोटभर जाड साय धरली होती. तिला आमच्याकडे व्हिनेगरची आई म्हणतात. बायका ती जपतात, शेजारणीला त्यातला तुकडा देतात. पण आमच्या घरची आई पातळ आणि पांढरट असायची. ही काळपट तांबडी, कलेजीसारखी, आणि खालून तिला धागे लोंबत होते. फाकुंदोने गालाएवढा तुकडा कापून खिमेनाच्या तोंडावर थापला. मी माईक घेऊन दोन पावलं मागे सरकले. कॅमेऱ्यात मात्र ते असं दिसलं की दामियानने तोच शॉट पुन्हा पुन्हा घेतला.

११ जुलै, शनिवार

नवा भाग लोकांनी डोक्यावर घेतला. कातडी कशी केली म्हणून सगळे विचारतायत. दामियानने फर्मान काढलं की शेवटपर्यंत हाच तुकडा वापरायचा, नवा कापला तर कडा जुळणार नाहीत. म्हणून शूटिंग संपलं की तो सॅलडच्या वाडग्यात, मामाच्या वाईनमध्ये बुडवून ठेवतात. परवापर्यंत आम्ही त्या वाडग्यातून टोमॅटो खात होतो.

आज तुकडा सोलायला वेळ लागला. खालचा गाल ढीगभर कपडे धुतल्यावर बोटं होतात तसा झाला होता, पांढरा, सुरकुतलेला, वर बुळबुळीत. खोलीभर आंबट वास. मी म्हटलं, थोडे दिवस राहू दे. त्यावर दामियान म्हणाला की माईकला वास येत नाही, तुला येत असेल तर नाकाला चिमटा लाव, बाहेर दोरीवर हवे तेवढे आहेत. फाकुंदो म्हणाला, झाली बघ, आपल्याकडे राजकन्या आली. सगळे हसले. खिमेना हसली, मीसुद्धा हसले. मला परत जाऊन बहिणीच्या पार्लरमध्ये जमिनीवरचे केस झाडायचे नाहीत.

१४ जुलै, मंगळवार

तुकडा निघत नाही. कोमट पाणी झालं, तेल झालं, साबण झाला. शेवटी फाकुंदोने ओढला, तर त्याच्याबरोबर खिमेनाचा गाल उचलला गेला. तुकडा कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते ते दिसेना. मी विचारलं तर म्हणाली, दुखत नाही गं, उलट गार वाटतं. दुखत असतं तर मला बरं वाटलं असतं.

दामियान खूश. रोज लावायची कटकट गेली, कडा आपोआप जुळणार. फाकुंदो कापूस वाईनमध्ये भिजवून तिच्या गालाला लावतो आणि म्हणतो, चला, आईला पाजायची वेळ झाली. कातडी चोखते. मी बघितलं, कापूस कोरडा होतो.

दुपारच्या फेरीत खिमेनानंतर मी. नळी आंबट लागली. ओठाला काहीतरी चिकटलं, शेवाळाच्या धाग्यासारखं. थुंकणार होते, पण तिघेही माझ्याकडे बघत होते. गिळलं. ग्रासियास म्हणायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

१६ जुलै, गुरुवार

हेडफोनमध्ये खिमेनाच्या श्वासाखाली दुसरा आवाज आहे. ओला. बाळ दूध पिताना करतं तसा. माईक बदलला, तार बदलली. आवाज तोच.

तिला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्याबरोबर साल्तोला चल, डॉक्टरला दाखवू. हो म्हणाली. रडलीही. डोळ्यातलं पाणी गालावर उतरलं आणि कातडीने ते पिऊन टाकलं. पण नाश्त्याला बसलो तर म्हणाली, शेवटचा भाग झाल्याशिवाय मी कुठे जात नाही, तुला एवढी घाई असेल तर जा. बोलताना तिचा ओठ एका बाजूला उघडत नव्हता.

मी फेरीत बसले. का बसले? लाज वाटली म्हणून. दुसरं काही नाही.

१८ जुलै, शनिवार

दामियानचे ओठ — कोपऱ्यात चिकट, तांबडे. फाकुंदोची नखं खाली गेलीत, वर साय आलीय. कोणी जेवत नाही. ब्रेडला बुरशी धरली, त्याच्याकडे कोणी बघत नाही. नुसती वाईन आणि तुंबा.

संत्री तोडणाऱ्या बाई सकाळी अंगणात आल्या, रीतीप्रमाणे फेरीत बसल्या. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, खिमेनाकडे बघितलं. ग्रासियास म्हणाल्या आणि टोपली तिथेच टाकून चालत्या झाल्या. कोणी अडवलं नाही. फाकुंदो पुन्हा त्यांच्याकडे वळलाही नाही.

म्हणजे नियम अजून पाळतात.

वाडगा मी मागे नेऊन उलटा केला, वर चुना टाकला. उगाच केलं. ती आता वाडग्यात नाहीच.

मग फाटकापर्यंत गेले. तिथे ओकले. ओकारीत धागे — लांब, तांबडे, आणि एक टोक अजून माझ्या घशात. ओढलं. कुठेतरी आत काहीतरी ओढलं गेलं, सोडून दिलं. जीभ कोरडी पडली. पाणी नको झालं. त्यांची वाईन हवी — पाय आपोआप परत वळले. शी. शी.

१९ जुलै, रविवार

जिभेवर साय. चमच्याने खरवडली. तोंड धुऊन येईपर्यंत पुन्हा —

दुखत नाही. गार वाटतं.

दामियानने कॅमेरा लावलाय, माझ्यासमोर. म्हणाला की खिमेना आता कातडीखाली दिसत नाही, नायिका तूच. कडा जुळतात म्हणाला.

दात एकमेकांना —

फेरी बसली. फाकुंदो तुंबा भरून समोर उभा. एक शब्द. बाई सुटल्या, मीही सुटेन. वहीत लिहून त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवली. हसला. तोंडाने म्हणायचं असतं ना गं, म्हणाला.

ओठ चिकटलेत. जीभ टाळूला. बोट घालून सोडवते आहे — कड सुटतेय — रक्त नाही, व्हिनेगरच —

वाट बघतोय तो. नळी ओठांना लावली. म्हणते, म्हणते —

ग्रा