पाटीवरची पुरणपोळी

शनिवार, ७ डिसेंबर
किळस! दुसरा शब्द नाही.

ऋताला सेक्टर फाइव्हमधली कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिच्या ओळखीच्या त्या सलीलच्या नव्या रेस्टॉरंटात स्वयंपाकाला लागायचंय. मी नाही म्हटलं. ‘बाबा, एकदा तिथे जेवून बघा. मग नाही म्हणा.’ म्हणून आज आम्ही तिघं बागबाजारला गेलो. मराठे बंगालवर चालून आले तेव्हा त्यांना अडवायला इंग्रजांनी खंदक खणला तो इथूनच. बुजवायला नको होता. निदान हे मराठी जेवण तरी आत शिरलं नसतं!

अंधार इतका, की शेजारी अनुराधा आहे की खांब, कळेना. ताट नाही. काळी पाटी, शाळेतली! तिच्यावर पुरणपोळीचा चुरा, शेजारी पुरणाचा फेस. फेस!! वाढपी अदबीने सांगतो, ‘शेफनी पुरणपोळी उलगडून दाखवलीय.’ उलगडायला ती काय साडी आहे?

ते संपून किती वेळ गेला, मग कटाची आमटी. गार. औषधाच्या पेल्याएवढ्या काचेच्या भांड्यात. पोळी आणि तिची आमटी, दोघी एकाच डाळीच्या. त्यांना एकमेकींचं तोंडही बघू दिलं नाही!

तरी सगळं संपवलं. पानात टाकायचं नाही, हे हाडात मुरलंय. ढकललं घशाखाली. पाटी लख्ख.

तिथेच घात झाला. लख्ख पाटी बघून वाढपी आत धावला आणि सलीलला घेऊन आला. ‘काका, कणसुद्धा ठेवला नाहीत! माझं सार्थक झालं.’ वाकून नमस्कार केला त्याने. मी आशीर्वाद दिला आणि उभा राहिलो. संपाच्या दिवसांत बँकेच्या फाटकावर लागायचा तसा आवाज लागला. ‘पोरा, आजीने तुला जेवायला घातलं की नुसतं दाखवलं?’ पलीकडच्या एका बंगाली म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. शब्द कळला नसणार, पण चाल ओळखली असेल.

ऋता उठून निघून गेली.

रविवार, ८ डिसेंबर
ऋता बोलत नाही. अनुराधा म्हणाली, ‘भाषण उत्तम झालं हो. श्रोत्यांतली एक कमी झाली, एवढंच.’

मंगळवार, १० डिसेंबर
शेवटी बोलली. ‘एवढं वाईट होतं, तर सगळं खाल्लंत कशाला?’
‘आपण पानात टाकत नाही.’
‘म्हणजे आईचंही तसंच खाता?’

मी पेपर उघडला.

अनुराधा आतून, ‘यांच्या रिकाम्या ताटावर जाऊ नकोस गं. आवडलं की वाटी पुन्हा पुढे करतात. बाकी सगळं व्याख्यान.’

गुरुवार, १२ डिसेंबर
आज पुन्हा जुंपली. ‘आमटी भिकार होती, मलाही कळतं. सलीलला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, मग तू येऊन कर.’

मी म्हटलं, नासलेल्या जागी माणसाने जाऊ नये. तर म्हणते, ‘बँक नीट चालत नाही म्हणून बँक सोडायची नसते, आत राहून भांडायचं असतं. सभेत कोण सांगायचं हे? मी पहिल्या रांगेत बसायचे, बाबा.’

‘ती बँक होती!’

बोलतानाच पोकळ वाटलं. तरी नाहीच म्हटलं. चिडली की तिचं मराठी संपतं. बंगालीत बरंच काही बोलली. मला सगळं कळलं. दारातून वळून मात्र मराठीत, ‘रविवारी मी पुरण घालते. कटाची आमटीही मीच करणार. खाऊन सांगा. भाषण नको.’

शनिवार, १४ डिसेंबर
त्या फेसाची चव अजून जिभेवरून जात नाही. शी!

रविवार, १५ डिसेंबर
ताट मांडलं होतं. पोळी अख्खी. आमटी उजवीकडे, वाफाळती. मीठ जरा जास्त. तसं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

मग वाटी पुढे केली.