मागच्या खोलीची आवराआवर आणि चिमीचा पिवळा फ्रॉक

तीर्थरूप वन्संना साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला सध्या घरात तेवढी जमीन मोकळी नाही, म्हणून कागदावरचाच मानून घ्यावा.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता ना? आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. बाबांची तब्येत चांगली आहे (मधे शर्टाच्या बटणाचा एक प्रकार झाला, तो पुढे सांगते, काळजीचं काही नाही). तुमचे बंधू ठणठणीत आहेत. त्यांना कधीच काही होत नाही. जे व्हायचं ते त्यांच्यामुळे आम्हाला होतं. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मागची खोली मी लावून दिली तशीच आहे ना, तेव्हा मी 'हो हो, अगदी तशीच' म्हणाले, कारण तुमचे बंधू शेजारी उभे राहून मान डोलवत होते. आता ते त्यांच्या औषधांच्या दुकानात गेलेत आणि बाबा जरा आडवे झालेत. तेव्हा खरं काय ते लिहिते.

खरं असं आहे की चिमीचा पिवळा फ्रॉक सापडत नाही.

एका दमात लिहून टाकलं, जरा बरं वाटलं. तुम्ही लेकीच्या लहानपणच्या कपड्यांची पिशवी किती विश्वासाने माझ्या हाती दिली होतीत! पोरगी एवढ्या लांब, एवढ्या थंडीत शिकायला निघाली आहे आणि तिने मामीकडे दुसरं काही मागितलं नाही. माझ्या जुन्या कपड्यांची गोधडी कर आणि मधोमध तो बदकवाला पिवळा फ्रॉक लाव, एवढंच. भोवतीचे सगळे तुकडे जोडून झालेत, अस्तर तयार आहे, मधला चौकोन तेवढा रिकामा आहे, आणि पोरीचं निघणं अगदी तोंडावर आलंय. ती गोधडी पलंगावर पसरली की मधल्या भोकातून गादी दिसते. त्या दिवशी पिशवी उघडून तुम्ही एकेक कपडा दाखवत होतात, प्रत्येकाची हकीकत सांगत होतात. हा दात येताना चावून चोथा केलेला, ह्याच्यावर शाई सांडलेली, हा घालून फोटो काढायला नेलं तर तिथे भोकाड पसरलेलं. पिवळा फ्रॉक तेवढा तुम्ही काही न बोलता घडी करून तळाशी ठेवलात. मला वाटलं, बसून बसून गुडघा दुखायला लागला असेल.

आता तो गेला कुठे हे कळायचं तर खोलीची कथा मुळापासून सांगायला हवी. तुम्ही येण्याआधी तिथे पसारा होता हे मला मान्य आहे. स्वयंपाकघरामागची ती खोली ती केवढी! कपाट उघडायचं तर मशीनची फळी खाली पाडावी लागते, आणि इस्त्री करायची तर दार लावून घ्यावं लागतं, कारण इस्त्रीचं टेबल मावतं ते फक्त दाराच्या वाटेत. (एकदा मी अशी आत असताना बाबा चहा मागायला आले. दार उघडेना, तेव्हा त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला. त्या खोलीची ही चांगली बाजू कोणी लक्षातच घेत नाही.) पण वन्सं, त्या पसाऱ्यात मला सगळं सापडत होतं. चांगली कात्री स्टुलावरच्या उशीखाली, कारण उघड्यावर ठेवली की तुमचे बंधू तिने पुठ्ठे कापतात. सुया पडद्याला टोचलेल्या. फिकट तुकडे खिडकीखाली, गडद तुकडे पलंगाखाली, आणि ज्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही असे सगळे खुर्चीवर. त्या खुर्चीवर कित्येक वर्षांत कोणी बसलेलं नाही. पण खाली खुर्ची आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही आलात, दारात उभ्या राहिलात, आत पाऊल टाकायला जागा शोधलीत आणि बाह्या सरसावल्यात. तुमच्या घरी चमचेसुद्धा एकाच दिशेला तोंड करून झोपतात, धुतलेलं पुसणं तुम्ही पुन्हा एकदा धुता, त्यामुळे तुम्हाला ते बघवलं नसणार. वर्षभर ज्याला हात लागला नाही ते बाहेर, हा तुमचा नियम. नियम उत्तम आहे. पण गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या खोलीला तो लावला तर खोलीत नुसती बाई उरेल, कारण कापडाचा तुकडा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि एके दिवशी नेमका तोच लागतो. हे मी बोलणार होते, पण तुमच्यापुढे माझं तोंड कधी उघडलंय? मग तुम्ही रंगांप्रमाणे गठ्ठे लावायला घेतलेत, आणि एक मेला तुकडा हिरवा की निळा यावरून तुम्ही बहीणभाऊ जेवणं थंड होईपर्यंत भांडलात. (तो बाबांच्या जुन्या पायजम्याचा होता आणि मुळात राखाडी. बाबा तेच सांगत होते, पण त्यांचं कोण ऐकतं?) शेवटी तुम्ही तोडगा काढलात आणि 'इतर' असा एक खोका केलात. आता सांगायला हरकत नाही, तुम्ही निघेपर्यंत निम्मी खोली त्या 'इतर'मध्ये गेली होती.

तरीही तुमचं लावणं माणसाच्या लावण्यासारखं होतं. तुम्ही गाडीत बसलात आणि इकडे तुमच्या बंधूंच्या अंगात आलं. मी भाजी घेऊन परत येते तो काय, त्यांनी आख्खी खोली दुकानासारखी अक्षरांच्या क्रमाने लावलेली! क खालच्या फळीवर आणि मग अक्षरं चढत चढत छताकडे. म्हणजे कात्री खाली, दोरा मधे आणि सुई पार वर. सुई काढायला स्टूल लागतं, आणि स्टूलही स-चं म्हणून तेसुद्धा वरच नेऊन ठेवलेलं. मी कपाळाला हात लावून विचारलं की आता मी वर चढू कशी, तर म्हणाले, शिडी आहे की. शिडी माळ्यावर होती. मशीनही त्यांना म-ला न्यायचं होतं. ते उचललं गेलं नाही म्हणून बिचारं जमिनीवर राहिलं.

बरं, एवढ्यावर थांबले असते तर ते तुमचे बंधू कसले! सामान ठेवायला त्यांनी दुकानातले औषधांचे रिकामे खोके आणले. खोकल्याच्या औषधात हुक, मलमात खडू, तापाच्या गोळ्यांत रिळं. वर चिठ्ठ्या लावल्या नाहीत, कारण त्यांना सगळं पाठ आहे. टाचण्या कुठे आहेत असं विचारलं की वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतात, 'पित्तावरच्यात बघ.' एकदा मी त्यांच्याकडे कात्री मागितली, तर सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, 'किती दिवसांची देऊ?' बाबांच्या बटणाचं कारणही हेच. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा खोका रिकामा दिसला म्हणून बंधूंनी त्यात पांढरी बटणं भरली. बाबा गोळी गिळत नाहीत, चघळतात, आणि चष्मा न लावता घेतात, हे तुम्हाला माहीत आहेच. सकाळी किती तरी वेळ ते काहीतरी गालात घोळवत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, 'ही नवी गोळी लवकर विरघळत नाही, पण छातीला मोठा आराम वाटतो बरं का!' तोंड उघडायला लावलं तर चार भोकांचं बटण. काढून घेतलं आणि खरी गोळी दिली. तेव्हापासून रोज कुरकुरतात की आधीचीच चांगली होती.

आता फ्रॉककडे येते. ज्या दिवशी मधल्या चौकोनाशी पोचले त्या दिवशी पिशवी उपडी केली, तर त्यात फ्रॉक नाही. म्हटलं, ह्यांनीच लावला असणार कुठेतरी. म्हणून फ-च्या फळीपासून सुरुवात केली. मग पिवळा म्हणून प पाहिला. बदक म्हणून ब पाहिला. चिमीचा म्हणून च पाहिला. (माणसाचं डोकं कोणत्या अक्षरावर चालतं ते बायकोलाही सांगता येत नाही.) शेवटी लहान मुलांचे कपडे म्हणून ल-चा खोका ओढला, आणि तो एकटा आला नाही. आख्खी फळी आली, फळीबरोबर वरची फळी आली, आणि क्षणात हुक, बटणं, टाचण्या, रिळं, 'इतर' आणि मी, सगळे एका पातळीवर आलो. धाडकन आवाज ऐकून तुमचे बंधू धावत आले. दारात उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मला लागलंबिगलं का हे न विचारता म्हणाले, 'म्हणजे आता परत क-पासून आलं!'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, पिवळा फ्रॉक कुठे ठेवलात? म्हणे, पिवळा फ्रॉक मी पाहिलाच नाही. मी म्हटलं, खोलीतली टाचणी न् टाचणी तुम्ही उचलून ठेवलीत, मग फ्रॉक काय उडून गेला? तरी तेच, पाहिलाच नाही. मग मात्र मी नको नको ते बोलले आणि त्यानंतर बोलणंच सोडलं. जेवायला वाढते, पण आमटी हवी का हे बाबांमार्फत विचारते. बाबांना हे काम आवडलेलं दिसतं, कारण निरोप पोचवताना ते त्यात स्वतःची थोडी भर घालतात. पण वन्सं, हसण्यावारी नेण्यासारखं हे राहिलेलं नाही. पोरीने एक गोष्ट मागितली आणि ती माझ्या घरात हरवली, ह्याचं मला फार वाईट वाटतंय. तुम्हाला तोंड कसं दाखवू ते कळत नाही.

बाकी ठीक. गुडघ्याला जपा. भावजींना नमस्कार, चिमीला गोड पापा.

तुमची,
भावजय

ता. क. : खरं सांगायचं तर हे विचारण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं, आणि तेवढंच लिहायचं राहिलं. निघताना तुम्ही फरशी पुसायला होतील म्हणून टाकाऊ चिंध्यांचं गाठोडं बरोबर नेलंत. ते सोडलं नसेल तर कृपा करून सोडा आणि त्यात पिवळं काही दिसतं का बघा. सोडलं असेल तर बादलीपाशी बघा. फ्रॉकने फरशी पुसली गेली असली तरी चालेल, मी करीन काहीतरी. फक्त बंधूंना कळवू नका, नाहीतर ते म्हणतील, बघ, मी सांगत होतो.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात चिमीचा फोन आला. तुम्ही बाजारात गेला होतात म्हणे. तिने तुमची उशी उन्हात टाकायला घेतली, तर अभ्र्याच्या आत पिवळा फ्रॉक. तिने तो होता तसा परत ठेवला आणि तुम्हाला काही बोलली नाही. मीही बोलू नये, पण मला राहवत नाही. वन्सं, मला नुसतं म्हणाला असतात, हा राहू दे माझ्याजवळ, तर मी काय नाही म्हटलं असतं? सगळ्या जगाला टाका टाका सांगत फिरता, आणि इथे पिशवीतून गुपचूप काढून नेलात! फोन ठेवला आणि त्या बटणांच्या ढिगात बसून मी रडले. तो तुमच्यापाशीच राहू द्या. कोणी काही विचारणार नाही. वरचं पत्र फाडून टाकणार होते, पण एवढं लिहिलेलं फाडायचं जिवावर आलं, आणि बंधूंबद्दलचं सगळं खरंच आहे, फ्रॉकचं सोडून. त्यांच्याशी आज बोलावं लागणार. सुरुवात कशी करायची सुचत नाही. बहुतेक टाचण्या कुठे आहेत ते विचारीन.

ता. क. शेवटचा : मधला चौकोन रिकामाच राहिला. मी चिमीला विचारलं, आता मधे काय लावू गं? ती म्हणाली, आई घरात घालते तो जुना निळा गाऊन लाव. तेव्हा तो लगेच पाठवा, उशीर करू नका. आणि वन्सं, तुमचा हात पाण्याकडे जायच्या आत सांगते: तो धुऊन पाठवायचा नाही, असं तिने मला पुन्हा पुन्हा बजावलंय.