मास्तरांचा राजीनामा, अक्षर माझं

सोमवार, ३ मार्च
दुपारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. 'तुमचं अक्षर बरं आहे, लिहा.' समोर रंगमास्तर! आमच्या कापडछपाईच्या कारखान्यात बावीस वर्षं रंग कालवणारा माणूस. दार लावलेलं. मास्तरांचा मोबाइल साहेबांच्या खणात. 'सही करा, नाहीतर रंगचोरीची तक्रार पोलिसांत जाईल.' चोरी म्हणे! रंगाच्या वाफेने बायका चक्कर येऊन पडतात, असं त्यांनी सरकारी निरीक्षकाला कळवलं — गुन्हा एवढाच.

साहेब सांगत गेले, मी लिहीत गेले. मास्तरांनी दोनदा पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. मीही नाही. दोन तासांनी त्यांनी सही केली.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांनी 'मी राजीनामा देत आहे' एवढंच सांगितलं होतं. 'स्वखुशीने' हा शब्द माझा. सवयीने उतरला — ऑफिसातली कारकून म्हणून आजवर सगळ्यांचे तसेच लिहिलेत ना!

शुक्रवार, ७ मार्च
कारखान्यात सगळे मिठाची गुळणी धरून. मीसुद्धा.

शुक्रवार, २० जून
मास्तरांची मुलगी घरी आली. कामगार न्यायालयात दावा लावलाय. कंपनीचा वकील म्हणतो, 'यांना कुणी काढलंच नाही. स्वखुशीने गेले, कागदावर आहे.' तोच शब्द!

'काकू, धाक घालून घेतलेला राजीनामा म्हणजे नोकरीवरून काढणंच, असं आमच्या वकीलबाई म्हणतात. पण धाक सिद्ध करावा लागतो. खोलीत तिसऱ्या तुम्हीच होतात.'

ती चहा न घेताच गेली. हे म्हणाले, 'नसती ब्याद कशाला ओढवून घेतेस?' सासूबाई तांदूळ निवडता निवडता एवढंच बोलल्या, 'हात चालला तेव्हा, आता तोंड का चालत नाही?'

झोंबलं.

रविवार, १० ऑगस्ट
उद्या साक्ष. तेच कपाट तीनदा आवरलं. कशात मन लागत नाही. यांच्याशी उगीच भांडले.

सोमवार, ११ ऑगस्ट
सांगितलं! बंद दार, काढून घेतलेला मोबाइल, पोलिसांची धमकी — सगळं. कंपनीच्या वकिलाला वाटलं, आता पकडली. 'मग "स्वखुशीने" कुणी लिहिलं?'

'मी. त्यांना न विचारता.'

न्यायाधीशबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मास्तरांकडे बघायचा धीर झाला नाही. बाहेर आल्यावर तेच जवळ आले. 'ताई, बसा जरा. पाणी घ्या.' मलाच धीर देत होते!

बुधवार, १३ ऑगस्ट
सकाळी साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. 'इज्जतीत जा. लिहून द्या.' म्हटलं, 'मी जात नाहीये, साहेब. तुम्ही काढताय. तसं तुम्हीच लिहून द्या.' चारला काढल्याचं पत्र मिळालं. आता मास्तरांच्या वकीलबाईंकडे निघालेय — माझ्या कामासाठी. हे सोबत येतायत.